कॅसेटची दुसरी बाजू

बतूल दिवसभर कुजबुजत असे.

अल्लाल लोकर धुण्याच्या गिरणीत रात्रपाळीला होता. सकाळी अंगाला ओल्या मेंढीचा वास घेऊन यायचा, चार घास खायचा, जाड पडदा ओढायचा आणि आतल्या खोलीत आडवा व्हायचा. खोल्या दोनच, आणि मधलं दार कधी नीट लागलंच नाही. तो झोपला की अख्खं घर दबकून बसायचं. भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही, नळ बारीक सोडायचा, खुर्ची ओढायची नाही, उचलून ठेवायची. खालच्या मजल्यावर घरमालकीण मादाम देतिए. म्हातारी, एकटी, झोप हलकी. वर जरा पाऊल वाजलं की ती झाडूच्या दांड्यानं छताला ठोके द्यायची. बतूलला ते ठोके आता आधीच कळायचे. हातातून डाव निसटला की तो फरशीवर पडण्याआधी तिचे खांदे आक्रसायचे.

माहेरी, मोरोक्कोतल्या सफ्रूमध्ये ती अशी नव्हती. तिथं तिच्या आवाजाची थट्टा व्हायची. ती गच्चीवरून आईला हाक मारायची आणि तीन घरांपलीकडच्या बायका ओ द्यायच्या. लग्न होऊन बेल्जियममध्ये, व्हर्व्हिएला आली तेव्हा अल्लालनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "हळू बोल गं. इथं भिंतीलाही झोप लागते." तो हसला होता. तीही हसली होती, मोठ्यानं. तेवढ्यात खालून पहिला ठोका आला.

त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. मधल्या काळात हनिया झाली. बतूलनं फ्रेंच शिकायचं ठरवलं होतं, पण तीन शब्दांपुढे गाडी गेली नाही: बाँजूर, मेर्सी, पार्दाँ. नमस्कार, उपकार आणि माफी. तिन्ही ती हळूच म्हणायची, त्यामुळे समोरच्याला बहुतेक वेळा ऐकूच जात नसत.

सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट तिनं अल्लाललासुद्धा सांगितलेली नव्हती. घरून आणलेले रोट संपले, तेव्हा तिनं पीठ मळलं, आंबू दिलं, दोन गोल थापून कडेला आईसारखी चिमूट घेतली. मोठ्या ताटात ठेवून वर फडकं झाकलं, ताट डोक्यावर घेतलं आणि कोपऱ्यावरच्या पाववालीकडे गेली. आणखी कुठे जाणार? पीठ आपण मळायचं आणि भट्टीवाल्यानं भाजून द्यायचं, हे तिला श्वास घेण्याइतकं साधं होतं. सफ्रूच्या गल्लीतला भट्टीवाला बा सुलाम तर शंभर घरांचे रोट नुसत्या नजरेनं ओळखायचा. कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कोणाकडे यंदा गहू हलका आलाय, सगळं त्याला ठाऊक.

पाववालीनं फडकं उचलून पाहिलं. रांगेतल्या बायकांनी पाहिलं. पाववाली काहीतरी बोलली आणि कोणीतरी हसलं. ते हसणं वाईट नव्हतं. लहान मूल उलटे बूट घालून आलं की हसतात तसं होतं. बतूल "पार्दाँ" म्हणाली. पण बाहेर कसं पडायचं हेच तिला सुचेना, आणि दुकानातल्या उबेनं पीठ फुगून ताटाच्या कडेवरून खाली ओघळायला लागलं. घरी येऊन तिनं ते तव्यावर भाजलं. आत कच्चं राहिलं.

पुढच्या कॅसेटमध्ये ती आईला म्हणाली, "इथला भट्टीवाला भला माणूस आहे. माझे रोट ओळखतो."

कॅसेट हीच त्यांची ख्यालीखुशाली. घरात लिहिता-वाचता येणारं कोणी नव्हतं. एका बाजूला इकडच्यांनी बोलायचं, गावी जाणाऱ्या कोणाबरोबर तरी कॅसेट पाठवायची, तिकडच्यांनी दुसऱ्या बाजूवर उत्तर भरून परत पाठवायची. रविवारी अल्लाल दिवसा झोपत नसे, म्हणून रविवारी टेपरेकॉर्डर मेजावर यायचा. अल्लालचा धाकटा भाऊ हम्मादीही यायचा. तो त्याच गिरणीत होता आणि एकट्या पुरुषांच्या वसतिगृहात राहायचा. तिघं मेजाभोवती बसायची आणि आठवड्यातून एकदा बतूलला कुजबुज सोडून साध्या आवाजात बोलायला मिळायचं. ते बोलणं तिकडे एकटी आई ऐकणार नव्हती. कॅसेट आली की सफ्रूच्या अंगणात काकी, आत्या, शेजारच्या लेकीसुना, सगळ्या जमायच्या, चहा व्हायचा. एवढ्या लोकांत कोण रडगाणं गाणार? बतूल म्हणायची, घर मोठं आहे, उजेड भरपूर आहे, शेजारीण काळजी घेते.

"शेजारीण कशी आहे तुझी?" आई परतीच्या बाजूवर विचारायची.

"वरचेवर चौकशी करते," बतूल पुढच्या वेळी सांगायची. हम्मादी तोंडावर हात दाबून हसायचा आणि बोटानं मेजाखाली ठोके दाखवायचा.

आईनंतर शामा बोलायची. बतूलची धाकटी बहीण. ती तिला लहानपणापासून लल्ला म्हणे, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. टेपची बटणं दाबायचा मान सफ्रूमध्ये शामाचा होता, दुसऱ्या कोणाला ती हात लावू द्यायची नाही. एकदा ती म्हणाली होती, "लल्ला, तुझी बाजू संपली ना, की मी दुसरी बाजूपण लावून बघते. काही नसतं. नुसतं सूं सूं. आई म्हणते, वेडी आहेस. पण मला वाटतं, चुकून तुझं काही राहिलं असेल."

मग वसंतात आलेल्या कॅसेटमध्ये आईनं बातमी दिली. अल्लालचा निरोप पोचला. हम्मादीसाठी शामाचा हात मागितलाय, घरात सगळ्यांना पसंत आहे. शामा तर हवेत आहे. बहिणीजवळ बहीण. याहून काय हवं?

बतूलनं अल्लालकडे पाहिलं. तो हसत होता. एखादी भेट दारामागे लपवून ठेवलेल्या माणसासारखा.

"तूच म्हणाली होतीस," तो म्हणाला. "हिवाळ्यात. हनियाला ताप होता तेव्हा. म्हणालीस, इथं दोन शब्द बोलायला कोणी नाही."

म्हणाली होती. इतक्या वर्षांत तेवढीच एक खरी तक्रार तिच्या तोंडून गेली होती.

"ती लहान आहे," बतूल म्हणाली.

"तू आलीस तेव्हा तिच्याहून लहान होतीस."

"गिरणी बंद होणार म्हणता ना सगळे?"

"सगळे काय, दर वर्षी म्हणतात." अल्लालचा चेहरा जरा उतरला. "तुझ्यासाठी केलं मी, बतूल. मला वाटलं, तू नाचशील."

त्या रात्री त्याचा डबा भरताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती. कारण बातमी ऐकल्याबरोबर, अगदी पहिल्या क्षणी, तिला आनंदच झाला होता.

ऑगस्टमध्ये हम्मादी लग्नासाठी निघायचा होता. कॅसेट त्याच्याकडेच द्यायची होती. लग्नाच्या आठवडाभर आधी तो पोचणार होता. रविवारी तिघांनी मिळून पहिली बाजू भरली. बतूलनं आशीर्वाद दिले, हनियाला पुढे ओढलं. हनिया साडेतीन वर्षांची होती. माइककडे बघून तिनं ओठ हलवले. आवाज आला नाही.

"लाजते," अल्लाल माइकमध्ये म्हणाला.

ती लाजत नव्हती. हे बतूलला माहीत होतं. तिला मोठ्यानं बोलता येत नव्हतं. पडली तर ती तोंड उघडायची, गाल ओले व्हायचे, आणि आवाजाच्या जागी नुसता श्वास बाहेर यायचा. दवाखान्यातल्या नर्सनं तिच्या कानांत बत्ती घालून पाहिलं होतं, घसा पाहिला होता. मग बतूलकडे पाहून काहीतरी विचारलं होतं आणि बतूलनं हळूच मेर्सी म्हटलं होतं.

दोन दिवसांनी, अल्लाल झोपल्यावर, बतूलनं टेपरेकॉर्डर टोपलीत घातला, वर कपडे टाकले, हनियाला कडेवर घेतलं आणि जिना उतरून कोळशाच्या तळघरात गेली. वर एक गजांची फट होती, तिच्यातून रस्त्यावरचे पाय दिसायचे. तिनं कॅसेट उलटी घातली. दुसरी बाजू. बटण दाबलं. तळघरात कोणी ऐकणार नव्हतं, तरी पहिले शब्द कुजबुजतच आले. मग आवाज फुटला. तो तिला स्वतःलाच परका वाटला, गंजलेल्या बिजागरीसारखा. हनियानं दचकून तिच्या ओठांवर हात ठेवला.

बतूल बोलत राहिली. भट्टीवाला नाही. उजेड नाही. शेजारीण झाडूनं ठोके देते. अल्लाल वाईट नाही, हम्मादीही वाईट नाही, पण ते झोपलेले असतात किंवा घरी नसतात. "शामा, माझी मुलगी रडते तेही कुजबुजत. तू आलीस तर मला फार बरं वाटेल. रोज वाटतं, तू यावंस. म्हणूनच सांगते, येऊ नकोस. पोट दुखतं म्हण, वेड लागलं म्हण, काही म्हण. हे ऐकलंस की पुसून टाक."

टेप जवळजवळ संपेपर्यंत ती बोलली. शामा रिकामी बाजू लावून बघते, यावर सगळी भिस्त होती.

हम्मादीनं कॅसेट रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवली. "एवढं काय भरलंयस, वहिनी? जड लागतेय," तो म्हणाला. नवऱ्या मुलाचं हसू त्याच्या तोंडावर मावत नव्हतं. बतूलनं त्याच्या कॉलरचा दोरा तोडला. ज्याचं लग्न मोडायचं त्याच्याच छातीशी तिनं ते मोडणारं दिलं होतं. तो जिना उतरेपर्यंत तिला दोनदा वाटलं, हाक मारावी आणि परत घ्यावी.

सप्टेंबरमध्ये तो आला. ऑलिव्ह, बदाम, उन्हात वाळवलेलं मांस आणि कॅसेट. त्याच्या करंगळीला नवरदेवाच्या मेंदीचा लाल डाग होता. तो पाहिल्यावर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी बतूलनं विचारलं, "शामा कशी आहे?"

"कशी म्हणजे? झक्कास. बडबड करून माझे कान किटवले तिनं." तो लाजला. "कागदपत्रं झाली की हिवाळ्यात येईल. वरची माळ्याची खोली बघतोय."

रविवारी त्यांनी कॅसेट लावली. दुसरी बाजू सुरू झाली ती ढोलकीनं आणि बायकांच्या झगारीतनं. जीभ लवलवत काढलेली आनंदाची ती उंच लांब तान एकामागून एक खोलीभर घुमली. बतूल ऐकत बसली. एकेका तानेखाली आपलं एकेक वाक्य गाडलं गेलं, हे तिला कळत होतं. खालून झाडूचा ठोका आला. कोणी उठलं नाही.

मग आईचा आवाज. "बतूल, बाळा, हम्मादी आज पोचला बघ. ऐन मेंदीच्या दिवशी. स्पेनमध्ये यांची गाडी बंद पडली, आमचा जीव टांगणीला. तुझी कॅसेट आत्ताच सगळ्यांनी ऐकली आणि लगेच उत्तर भरतोय. आज बटणं शेजारच्या अब्देलहकनं दाबलीत. शामाचे दोन्ही हात मेंदीत बांधलेत. बोल गं शामा."

"लल्ला," शामा हसत होती, "हात असे बांधलेत की नाकाला खाज सुटली तर काकीला अर्ज करावा लागतो. या अब्देलहकला धड टेपसुद्धा लावता येत नाही. मी म्हटलं, आधी रिकामी बाजू ऐकू दे, तर म्हणतो, नवरीनं गप्प बसायचं असतं." मागे बायका हसल्या. "लल्ला, मी येतेय. माझ्यासाठी खिडकीजवळची जागा ठेव."

आणखी काही गाणी झाली. मग खट्ट आवाज आला. बतूल बटणाकडे हात नेणार, तोच अल्लालनं तिचं मनगट धरलं. "थांब, असेल अजून."

सूं सूं. आणि मग गंजलेला आवाज.

"...फार बरं वाटेल. रोज वाटतं, तू यावंस. म्हणूनच सांगते, येऊ नकोस. पोट दुखतं म्हण, वेड लागलं म्हण..."

तो आवाज कोणाचा हे अल्लालला क्षणभर कळलंच नाही. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून त्यानं तो इतका मोकळा ऐकलेला नव्हता. पुढे टेप रिकामी फिरत राहिली. हम्मादीनं हात पुढे करून ती बंद केली. त्याच्या करंगळीवरचा डाग आता नारिंगी पडला होता.

"माझ्यात काही कमी आहे का, वहिनी?" त्यानं विचारलं.

"नाही, भाऊजी."

"मग?"

त्यानं कोट उचलला आणि गेला. दाराशी थांबून एवढंच म्हणाला, "आता निकाह झालाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्लाल कामावरून आला, पण आत झोपायला गेला नाही. पडदा उघडला. पडद्यामागे समोरच्या गोदामाची भिंत होती. तो मेजाशी बसला, डोळे लाल, बोटांना लोकरीचं तेल.

"आज मी झोपणार नाही," तो म्हणाला. "बोला. मोठ्यानं बोला दोघी."

बतूल चुलीपाशी उभी होती. काहीतरी बोलायला हवं होतं, कारण तो वाट पाहत होता.

अल्लालनं हनियाला मांडीवर घेतलं. "हनिया, बापाला हाक मार. खालच्या म्हातारीला ऐकू जाऊ दे."

हनियानं त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि कुजबुजली, "बाबा झोपलेत."

बसल्या जागीच झोपेनं त्याची मान कलली. बतूलनं पडदा ओढून घेतला.

शामा फेब्रुवारीत आली. जिना चढतानाच तिचं हसू वर पोचलं आणि त्याच्या मागोमाग ठोके. "हे काय?" तिनं विचारलं. "शेजारीण," बतूल म्हणाली. शामाला वाटलं, हे स्वागत. तिनंही वाकून जमिनीवर मुठीनं दोन ठोके दिले. बतूलनं तिचा हात धरला तोवर उशीर झाला होता. खालून मालकिणीचा आवाज चढत गेला आणि आत अल्लाल कूस बदलून कण्हला.

शामाच्या सामानात घोंगडीत गुंडाळलेली फळी होती. रोट भट्टीवर न्यायची, आईची फळी, कडा झिजलेली. "आई म्हणाली, तिकडे भट्टीवाला एवढा चांगला आहे तर बतूलकडे फळी नको का? म्हणून दिली." दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून तिनं पीठ मळलं, आंबू दिलं, चिमूट घेतली. फळीवर फडकं झाकून ती दाराशी उभी राहिली.

"चल लल्ला. तुझा भट्टीवाला दाखव."

बतूल हलली नाही. शामानं फळी डोक्यावरून खाली घेतली. दोघी त्या फडक्याकडे बघत होत्या. खाली पीठ हळूहळू फुगत होतं.

"भट्टीवाला नाही," शामा म्हणाली.

"नाही."

"आणि बाकीचं?"

"बाकीचंही नाही."

"मला सांगायचं तरी, लल्ला." शामाचा आवाज चढला तसा बतूलनं आतल्या खोलीकडे डोळ्यानं इशारा केला आणि शामाचा आवाज आपसूक खाली आला. बतूलनं ते पाहिलं. एका रात्रीत.

तिनं कपाटातून कॅसेट काढली. दोघी तळघरात गेल्या आणि तिनं शामाला उरलेला तुकडा ऐकवला. शामा गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत होती. पुन्हा लाव म्हणाली. बतूलनं पुन्हा लावला. वरच्या फटीतून पाय जात होते, कोणाचे घाईत, कोणाचे सावकाश.

"माझे हात बांधले होते," शामा म्हणाली.

मग तिनं हातांकडे पाहिलं. मेंदी केव्हाच उतरली होती.

फळी कपाटामागे गेली. उन्हाळ्याच्या तोंडी गावाला कोणीतरी निघालं तेव्हा रविवारी टेपरेकॉर्डर मेजावर आला. आता मेजाभोवती पाच जण होते. अल्लाल बोलला, हम्मादी बोलला, गिरणीतली माणसं कमी केली जाताहेत हे दोघांनीही सांगितलं नाही. हनिया बोलली नाही. मग हम्मादीनं माइक शामापुढे सरकवला. बटणावर बोट बतूलचं होतं.

शामानं बहिणीकडे पाहिलं. सफ्रूच्या अंगणात चहा ओतला जात असेल, काकी, आत्या, अब्देलहकची आई, आणि खाली बसलेल्या लग्नाच्या वयाच्या मुली. तिनं घसा साफ केला आणि खूप दिवसांनी मोठ्यानं बोलली.

"आई, फळी फार उपयोगी पडतेय. भट्टीवाला आता माझेही रोट ओळखतो."

बतूलनं बटण सोडलं. कॅसेट काढून तिनं रुमालात गुंडाळली. दुसरी बाजू कोरीच होती.